अर्धवट पडलेली वाकळ पुरी कशी करायची: ऊन, जमीन आणि मांडी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत अर्धी शिवलेली एखादी वाकळ, म्हणजे जुन्या कापडांचे थर हाताने एकत्र शिवून केलेली गोधडी, पडून असते. ती का राहिली असं विचारलं की वेळ मिळत नाही, हेच उत्तर येतं. वेळ कमी असतो हे खरं आहे. पण वाकळ अडते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. गाठोडं सोडलं की थेट सुईत दोरा ओवला जातो आणि जिथं शिवण थांबली होती तिथून पुढं शिवायला सुरुवात होते. चार ओळी झाल्या की मधला थर गोळा होतो, वरचं कापड तिरकं ओढलं जातं आणि गाठोडं परत बांधून वर जातं.

वाकळेचं काम तीन तऱ्हेचं असतं. काही कामांना कडक ऊन लागतं, काहींना मोकळी जमीन लागते, आणि उरलेलं सगळं मांडीवर होतं. ऊन आणि जमीन मिळायचे दिवस वर्षात मोजके असतात. मांडीवरचं काम मात्र कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतसुद्धा पुढं सरकतं. घरातली मोठी सुट्टी मांडीवरच्या शिवणीत घालवायची नाही आणि जमिनीवरचं काम संध्याकाळच्या पंधरा मिनिटांत उरकायचं नाही. एवढं पाळलं तर वाकळ पुरी होते.

उन्हाची कामं होळीनंतर मृग लागण्याआधी संपवा. अथणीसारख्या कोरड्या भागात उन्हाची अडचण नसते, पण जांबोटी-कणकुंबीसारख्या घाटाकडच्या पावसाळी भागात जून ते सप्टेंबर जाड कापड आतून वाळतच नाही. जमिनीवरच्या कामासाठी एप्रिल-मेची सुट्टी धरा. ती हुकली तर कर्नाटकातल्या शाळांची दसऱ्याची सुट्टी हाताशी असते. मांडीवरच्या शिवणीला पावसाळा उत्तम.

## 1. गाठोडं सोडा आणि एकच वाकळ निवडा

सगळी अर्धवट कामं एकदाच बाहेर काढा, पण पुढं न्यायला एकच ठेवा. निवडताना सगळ्यात लाडकी वाकळ घेऊ नका, सगळ्यात जास्त झालेली घ्या. जिची दोन तृतीयांश शिवण झाली आहे ती आधी. नुसत्या चिंध्या जमवून ठेवलेलं बोचकं सगळ्यात शेवटी.

निवडलेल्या वाकळेबद्दल एका कागदावर लिहा: लांबी-रुंदी, किती थर आहेत, किती ओळी झाल्या, दोन ओळींत अंतर किती, दोरा कुठला. शिवण सासूबाईंची किंवा आजीची असेल आणि त्या सांगू शकत असतील, तर कुठलं ठिगळ कुठं लावायचं ठरलं होतं ते आत्ताच विचारून घ्या. कागद वाकळेच्याच पिशवीत ठेवा. मध्ये लग्नकार्य आलं, महिनाभर खंड पडला, तर हाच कागद उपयोगी पडतो.

सावधान: गाठोड्यात जुन्या टाचण्या असतात. उलगडताना हात फिरवू नका. आधी जमिनीवर पसरून डोळ्यांनी टाचण्या शोधा, काढा, मगच कापड झटका. लहान मुलं त्या वेळी खोलीत नकोत.

## 2. कापडात दम आहे का ते बघा

पडून राहिलेलं सुती कापड वरून चांगलं दिसतं आणि दोरा ओढला की फाटतं. म्हणून शिवण्याआधी तीन तपासण्या करा.

पहिली ताकदीची. दोन्ही अंगठे एकमेकांजवळ ठेवून कापड आडवं ताणा, मग उभं ताणा. करकर आवाज आला किंवा धागे विरळ झाले तर ते ठिगळ काढा. नऊवारी लुगडं निऱ्यांच्या आणि कासोट्याच्या जागी आधी विरतं, पदराकडचा भाग बराच काळ टिकतो. कुजकं कापड "आत घालू, कोण बघतंय" म्हणून मधल्या थरात घालायची सवय फार आहे. दोनचार धुण्यांत त्याचा भुगा होतो, भुग्याच्या गाठी होतात आणि वाकळ जागोजागी पोकळ पडते. मधला थर मऊ हवा, कुजका नको.

दुसरी सुताची. संशय असलेल्या कापडाचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. पॉलिस्टरची साडी वाकळेत मधला थर म्हणून वापरू नका. ती निसरडी असते, टाक्यांमधून सरकते आणि घाम शोषत नाही.

तिसरी रंगाची. पांढरा फडका ओला करून प्रत्येक गडद ठिगळावर मिनिटभर दाबून धरा. लाल, जांभळा, काळा हे तीन रंग हमखास तपासा. फडक्यावर रंग उतरला तर ते ठिगळ काढा, किंवा सुटं असेल तर रंग यायचा थांबेपर्यंत वेगळं धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की सुटणारा रंग पक्का होतो, हा समज सोडून द्या. मिठाने सुटा रंग बांधला जात नाही.

इरकल लुगड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या वाकळांत ते असतंच. इरकलचं अंग सुती असलं तरी काठ आणि पदर बऱ्याचदा रेशमाचे किंवा चमकदार कृत्रिम रेशमाचे असतात. धुतल्यावर अंग जास्त आटतं आणि काठ कमी, त्यामुळे काठाशेजारी चुण्या पडतात. काठ कापून वेगळा काढा आणि शेवटी कडेच्या पट्टीला किंवा वरच्या सजावटीला वापरा. अंगाचं कापड थरात घ्या.

तपासणी: गंजलेल्या टाचणीचा डाग दिसला तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, मग स्वच्छ धुवा. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून बघा, कारण लिंबाने रंग फिकट होऊ शकतो. डागाच्या जागी कापड खरखरीत, ठिसूळ लागत असेल तर वरून ठिगळ लावा. गंजाने तिथलं सूत कमजोर केलेलं असतं.

## 3. ऊन: वाळवणं आणि धुणं

बुरशीचा वास येत असेल तर नाकाला फडकं बांधून वाकळ अंगणात किंवा गच्चीवर न्या आणि कोरड्या ब्रशने झाडा. घरात झाडली तर बुरशी बाकीच्या कपड्यांवर बसते. मग दोन दिवस कडक ऊन दाखवा, दुपारी बाजू पलटा.

सुटी कापडं, म्हणजे अजून न जोडलेली ठिगळं, अस्तर आणि मधले थर, सगळी धुऊनच घ्यायची. नवीन मांजरपाट आणलं असेल तर रात्रभर पाण्यात भिजवा. त्यातली खळ निघते आणि कापड आटायचं तेवढं आधीच आटतं. न धुतलेलं सुती कापड शेकडा तीन ते पाच टक्के सहज आटतं. सात फुटांच्या लांबीत ते अडीच ते चार इंच होतं. जुनी मऊ लुगडी आत आणि कोरं मांजरपाट खाली, अशी वाकळ पहिल्या धुण्यात वाटीसारखी वळते ती याचमुळे.

अर्धी शिवलेली वाकळ मात्र शक्यतो धुऊ नका. पाणी भरलं की न शिवलेल्या भागातले थर खाली सरकतात. ती फारच मळकी असेल तर आधी पाचव्या टप्प्यात दिलेत तसे कच्चे टाके सगळीकडे घाला, मोठ्या टपात घडी करून भिजवा, हाताने दाबून पाणी काढा आणि आडव्या बाजेवर किंवा गच्चीवर पसरून वाळवा. पिळायची नाही, दोरीवर टांगायची नाही.

सावधान: डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं कापड तान्ह्या बाळाच्या दुपट्याला वापरू नका. त्या गोळ्यांचा वास बाळाला घातक ठरू शकतो.

## 4. ठरलेलं माप पुरं करायलाच हवं असं नाही

दहा वर्षांपूर्वी डबल पलंगासाठी धरलेली वाकळ आज त्याच मापाने पुरी करायची गरज आहे का, हे विचारा. बऱ्याच वाकळा या एका प्रश्नावर सुटतात. मापं साधारण अशी: बाळाचं दुपटं 3 बाय साडेतीन फूट, एका माणसाची वाकळ 5 बाय 7, दोघांची 7 बाय साडेसात.

7 बाय साडेसातमधली 5 फुटांपर्यंत शिवण झाली असेल तर तिथंच थांबवून एका माणसाची वाकळ करा. उरलेल्या कापडाचं दुपटं होतं. लहान करताना थेट कात्री लावू नका. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर बारीक टाक्यांचा धावदोरा घाला, शक्यतो दोन ओळी, आणि मग मधून कापा. नाहीतर शिवलेल्या ओळींची टोकं सुटतात आणि तयार भागही उसवू लागतो.

उलट, बाळासाठी काढलेलं दुपटं राहून गेलं आणि बाळ हायस्कुलात गेलं असेल, तर ते दुपटं मोठ्या वाकळेच्या मधोमध ठिगळ म्हणून बसवता येतं. तसं करताना दुपट्याचे थर मोजा. खालचा थर धरून एकूण सहाच्या वर गेले तर सुई अडते आणि बोटं दुखतात.

## 5. जमीन: थर बसवणं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. या कामाला दोन माणसं आणि दोन-तीन तास सलग हवेत. रविवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर फरशी पुसून, वाळल्यावर सुरू करा.

पहिलं. तळाचं अस्तर उलट बाजू वर करून पसरा आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. पाट किंवा पाण्याने भरलेले तांबे झाकण लावून चालतात. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून बसवलेलं अस्तर वजन काढल्यावर आखडतं आणि वर चुण्या उभ्या राहतात.

दुसरं. वाकळ अर्धी शिवलेली असल्यामुळे थर आधीच एका बाजूने जोडलेले आहेत. शिवलेला भाग सपाट ठेवून त्याच्या कडेपासून मोकळ्या बाजूकडे तळहात सरकवत न्या. प्रत्येक थरासाठी वेगळं करा: आधी तळ, मग मधले थर एकेक करून, शेवटी वरचा. फुगा, म्हणजे थरात जमलेलं जास्तीचं सैल कापड, मोकळ्या कडेपर्यंत जाऊन बाहेर पडला तर काळजी नाही. जास्तीचं कापड कडेला कापता येतं.

फुगा दोन शिवलेल्या भागांमध्ये अडकला असेल, म्हणजे वाकळ दोन्ही टोकांकडून शिवत आणलेली असेल, तर त्याला कितीही दाबलं तरी तो जाणार नाही. वरून शिवून टाकला की कायमची घडी पडते. एका बाजूच्या ओळी उसवायलाच हव्यात. फुगा मोकळा होईपर्यंतच्याच ओळी उसवा, सगळ्या नाही. उसवताना दोरा ओढू नका. मागच्या बाजूने दर चौथा-पाचवा टाका बारीक कात्रीने कापा आणि पुढच्या बाजूने तुकडे चिमटीत काढा. ओढून काढलेला दोरा जुन्या कापडाला भोकं पाडतो.

तिसरं. कच्चे टाके. पांढऱ्या दोऱ्याने, दोन-दोन इंचांचे सैल टाके. गडद दोरा नको, त्याचा रंग कापडात उतरू शकतो. शिवलेल्या भागाच्या कडेपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने जा. दोन ओळींत सहा इंच, फार तर वीतभर अंतर. आधी उभ्या ओळी, मग आडव्या. एकाने पुढून कापड सपाट करत जायचं, दुसऱ्याने टाके घालायचे. वीतभरापेक्षा जास्त अंतर ठेवून वेळ वाचवला, तर ती वाकळ मांडीवर घेतल्यावर थर सरकणारच.

घाईत टाके होत नसतील तर न गंजणाऱ्या सेफ्टी पिना लावून काम थांबवता येतं. पण पिना लावलेली वाकळ महिनोन्महिने ठेवू नका आणि किती पिना लावल्या ते कागदावर लिहा.

तपासणी: कच्चे टाके झाल्यावर दोघांनी दोन टोकं धरून वाकळ उभी करा आणि हलकेच झटका. पुन्हा जमिनीवर पसरा. कुठं पोकळ पिशवी दिसली तर तेवढ्याच भागातले टाके काढून परत घाला. याला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे दोन महिने वाचतात.

## 6. किती दोरा, किती दिवस

5 बाय 7 फुटांची वाकळ, ओळींत एक इंच अंतर धरलं तर 60 ओळी होतात. प्रत्येकी 7 फूट, म्हणजे 420 फूट, साधारण 128 मीटर शिवण. दोन मीटर दोरा कापून दुहेरी केला की गाठी आणि टाक्यांत मुरणारा धरून त्यात सुमारे 80 सेंटिमीटर शिवण होते. म्हणजे 160 दोरे आणि 320 मीटर सूत. वाया जाणारं धरून 350 मीटर आणा. दीड इंच अंतर ठेवलं तर हाच हिशेब 107 दोऱ्यांवर येतो.

तुमची अर्धी झाली असेल तर 80 दोरे उरले. रोज तीन दोरे घातले तर 27 दिवस. सवयीच्या हाताला एका दोऱ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. तासांत मोजू नका, दोऱ्यांत मोजा. घरातली हाक आली तर हातातला दोरा संपवून उठता येतं, अर्धा तास मात्र कधीच पुरा होत नाही.

सामान थोडंच: जुन्या शिवणीच्या जाडीचं सुती सूत, दोन ते अडीच इंच लांब, मोठ्या नाकाच्या तीन सुया, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी), मेणाचा तुकडा, शिंप्याचा खडू. सूत घ्यायला खडेबाजारात किंवा गावातल्या दुकानात जाताना जुन्या दोऱ्याचा तुकडा बरोबर न्या आणि दुकानाच्या दारात, उजेडात जुळवून बघा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून घेऊ नका. जुन्या मऊ सुताला तो कापत जातो.

## 7. मांडी: रोजची शिवण

एक पिशवी करा. तिच्यात वाकळ, सामानाचा डबा आणि तो कागद. दुसऱ्या कुठल्याही कामासाठी या डब्यातली कात्री बाहेर काढायची नाही.

दोरा दोन मीटरपेक्षा लांब घेऊ नका. लांब दोऱ्याने ओवणं वाचतं असं वाटतं, पण तो गुंततो आणि कापडातून शंभरदा जाऊन पिंजतो. एकदा मेणावरून ओढा. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवा. वरच्या बाजूला राहिलेली गाठ धुण्यात तुटते आणि तिथून ओळ सुटत जाते. टाका पाव इंचाचा, अंतरही तेवढंच. सुई प्रत्येक वेळी तळापर्यंत जाते ना, हे डाव्या हाताच्या बोटाला खालून लागतं त्यावरून कळतं. वरवरचे टाके दिसायला सरळ असतात, पण तळ मोकळा राहतो.

शिवण नेहमी शिवलेल्या भागाकडून मोकळ्या बाजूकडे. कंटाळा आला म्हणून दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची नाही. तसाच अडकलेला फुगा आपण पाचव्या टप्प्यात सोडवला.

हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कडेकडेने सुरू करून गोल फिरत मध्याकडे येतात आणि त्यांची वाकळ सपाट राहते. कारण त्या वरची ठिगळं शिवता शिवता दुमडून बसवत जातात, त्यामुळे जास्तीचं कापड वाटेतच जिरतं. तुमचा वरचा थर आधीच अखंड जोडलेला असेल तर ही पद्धत मधूनच धरू नका. सगळा फुगा मध्यभागी जमा होईल.

दुसऱ्या हाताची शिवण पुढं नेताना आधी एका चिंधीवर वीतभर शिवून जुन्या ओळीशेजारी धरा. टाक्याची लांबी सहज जुळते, ओढ जुळत नाही. तुमचा हात घट्ट असेल तर दोरा ओढल्यावर कापड बोटाने एकदा मागे सारा. जुन्या ओळी थोड्या वाकड्या असतील तर वाकड्याच राहू द्या. त्या बाईचा हात त्यात आहे. नवी ओळ मागच्या ओळीपासून सारख्या अंतरावर न्या, चार-पाच ओळींत ती हळूहळू सरळ होते.

उरलेला भाग मशीनवर मारायचा मोह आवरा. मशीनची बारीक टीप विरलेल्या कापडाला सलग भोकं पाडते आणि ते त्या रेषेवर फाटतं. शिवाय अर्धी वाकळ मऊ आणि अर्धी ताठ होते. गावात वाकळा शिवून देणारी बाई असेल तर तिच्याकडे द्यायला हरकत नाही. फक्त कच्चे टाके स्वतः घालून द्या आणि ओळींचं अंतर दाखवून ठरवा.

सावधान: उठताना सुया मोजा. तीन घेतल्या तर तीन डब्यात. सुई मोडली तर दोन्ही तुकडे मिळेपर्यंत वाकळ कुणाच्या अंगावर घालायची नाही. लोहचुंबक फिरवा.

## 8. काठ

सगळ्या ओळी झाल्यावरच कडा सरळ कापा. आधी कापली तर शिवताना थर आखडून माप कमी भरतं.

5 बाय 7 ला घेर 24 फूट. जोड आणि कोपरे धरून साडेपंचवीस फूट पट्टी लागते, रुंदी 3 इंच. सहावारी साडी 18 फूट लांब असते, लांबीने कापलेल्या दोन पट्ट्या पुरून उरतात. आधी वरच्या बाजूला अर्ध्या इंचावर धावदोरा, मग पट्टी मागे वळवून दुमडून हेम. कोपऱ्यावर पट्टी ओढून नेऊ नका, तिथं थांबून जादा घडी घाला. ओढलेला कोपरा आत वळतो. कच्चे टाके काठ झाल्यावरच काढा.

## 9. पहिलं धुणं

घटस्थापनेआधी घरातली अंथरुणं-पांघरुणं निघतात तेव्हाच हीही धुवायची असं ठरवू नका. त्या आठवड्यात पाऊस असला तर जाड वाकळ आतून ओली राहते. चांगलं ऊन पडलेला दिवस बघा. थंड पाणी, थोडा साबण, एकटी वाकळ. दगडावर आपटायची नाही. पाणी दाबून काढा, दोन दोऱ्यांवर पसरून टाका म्हणजे वजन एका रेषेवर येत नाही.

वाळल्यावर संध्याकाळी घडी घालण्याआधी मधल्या भागावर गाल टेकवून बघा. गार लागलं तर आत ओल आहे, उद्या परत ऊन. कोरडी असेल तर उलट बाजूने पाहून कुठं टाका सुटला आहे का ते शोधा आणि सुटलेल्या जागी त्याच दिवशी दोरा घाला. उरलेलं सूत आणि काठाचा वीतभर तुकडा पिशवीतच ठेवा. दोन-तीन हिवाळ्यांनंतर ठिगळ लावायची वेळ आली की तेच सूत आणि तेच कापड लागतं.